न येणाऱ्या आगगाडीसाठी

वेस्ट ऑल्डनच्या फाटकावरून शेवटची आगगाडी गेली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. रूळ उखडून भंगारात गेले होते. खालचे लाकडी ओंडके लोकांनी आपापल्या बागेच्या कडेला नेऊन रचले होते. उरली होती ती जंगलातून जाणारी एक सपाट वाट. तरीही क्लॉडेट लाव्होई एकतीस वर्षं, शाळेच्या प्रत्येक दिवशी दोनदा, तिथे बस थांबवत आली.

नुसती थांबवून भागत नसे. कायद्यात सगळं रीतसर लिहिलेलं होतं. बस उभी करायची, रेडिओ बंद करायचा, पोरांना गप्प बसवायचं, दार उघडायचं, दहा आकडे मोजत कानोसा घ्यायचा आणि मगच पुढे जायचं. जानेवारीत दार उघडलं की बोचरं वारं थेट पहिल्या रांगेतल्या बारक्यांच्या नाकात शिरायचं. एखादी नवी मुलगी विचारायची, "कोण येणार आहे?" मागून मोठी पोरं म्हणायची, "कोणी नाही. क्लॉडेटला सवय आहे." क्लॉडेटही हसायची. कायदा आहे, पाळायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी निवडणूक होती. त्यांच्या राज्याची विधानसभा चारशे जणांची आणि सभासदाला वर्षाचा पगार शंभर डॉलर. त्यामुळे लहान गावांतून उभं राहायला माणूस मिळत नसे. त्या वर्षी वेस्ट ऑल्डनच्या एका जागेसाठी कोणीच अर्ज भरला नाही. मतपत्रिकेवर नावाऐवजी कोरी रेघ छापली गेली. ज्याला जे नाव सुचेल ते त्यानं लिहावं. क्लॉडेटची जुनी सहकारी मार्लीन अजून बस चालवत होती. तिनं डोनटच्या दुकानात बसून चार-दोन लोकांना सांगितलं, "क्लॉडेटचं नाव लिहा. घरी बसून ती नवऱ्याचं डोकं खाते आहे." गंमत म्हणून लोकांनी लिहिलं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी गावच्या कारकूनबाईंचा फोन आला. "क्लॉडेट, तुला सतरा मतं पडली आहेत. दुसऱ्या नंबरवर आहे त्याला तीन, आणि मला वाटतं तो कोणाचा तरी कुत्रा आहे. जाणार आहेस की नाही?"

क्लॉडेटनं रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणून कळवलं. तिचा नवरा रेमंड म्हणाला, "तिथे जाऊन करणार काय?" ती म्हणाली, "ते फाटक काढून टाकणार."

*

राज्याच्या राजधानीत, कॉन्कॉर्डच्या विधान भवनात सभासदांची विधेयकं लिहून देणारी वकील मंडळी असतात. क्लॉडेटच्या वाट्याला आल्या रोझलिन्ड पीस्ली. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, टेबलावर कागदांचे तीन ढीग आणि खिडकीत एक वाळलेलं रोप. क्लॉडेटनं खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, "मला एक ओळ खोडायची आहे. पाच मिनिटांचं काम."

रोझलिन्डनी जुना कायदा काढला. त्याच्या शेवटी फाटकांची यादी जोडलेली होती, एकोणीसशे एक्कावन्न सालची. यादीत ज्या फाटकाचं नाव, तिथे बसनं थांबायचं. वेस्ट ऑल्डन त्यात अकराव्या क्रमांकावर होतं.

"फक्त हे एकच खोडायचं?" रोझलिन्डनी विचारलं. "यादीत अशी आणखी असतील, जिथे गाडी येत नाही."

"मग जिथे जिथे गाडी येत नाही, तिथली सगळी खोडा."

"गाडी येत नाही हे कोण ठरवणार?"

"ठरवायचं काय त्यात? रूळच नाहीत."

"रूळ नाहीत, पण जमीन अजून राज्याची आहे. उद्या कोणी परत रूळ टाकले तर? आणि रूळ आहेत पण वर्षातून एकदा पर्यटकांची गाडी येते, त्या ठिकाणी काय करायचं?"

क्लॉडेटनं एकतीस वर्षांत हा विचार केला नव्हता.

रोझलिन्ड म्हणाल्या, "मी तुमच्याशी वाद घालत नाही. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. पण तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते कायद्याला दिसत नाही. त्याला सगळं शब्दात सांगावं लागतं."

शेवटी "रूळ काढलेले आणि रेल्वेनं सोडून दिलेले" असे शब्द ठरले. उठताना क्लॉडेटनं सहज विचारलं, "हे दहा आकडे कुठून आले हो? पाच का नाहीत? वीस का नाहीत?"

"ठाऊक नाही," रोझलिन्ड म्हणाल्या. "समितीच्या सभांच्या नोंदी अभिलेखागारात असतात. कोणी बघायला जात नाही."

क्लॉडेटला वाटत होतं, रेल्वेच्या कुणा इंजिनिअरनं हिशेब केला असणार. गाडीचा वेग, शिटीचा आवाज, वाऱ्याची दिशा, असं काहीतरी. पण मनातून प्रश्न जाईना. आठवड्यानंतर दुपारचं कामकाज लवकर आटोपलं तेव्हा ती अभिलेखागारात गेली आणि एक्कावन्न सालची पेटी मागून घेतली. पेटीत पातळ पिवळे कागद होते, टाइपरायटरच्या ठोक्यांनी भोकं पडलेले.

पाऊण तासानं तिला ते पान सापडलं. रेल्वेचा माणूस म्हणाला होता, पाच आकडे पुष्कळ झाले. एक पाद्री सभासद होते, त्यांना वीस हवे होते. बसमालक म्हणाला, वीस आकडे दार उघडं ठेवलं तर पोरं गारठतील आणि बाप मला शिव्या देतील. वाद लांबला. मग समितीच्या अध्यक्षांनी मागच्या बाकावर बसलेल्या एका शिक्षिकेला विचारलं, "मिस क्रोकर, तीस मुलं किती वेळ गप्प बसू शकतात?" नोंदीत उत्तर जसंच्या तसं होतं. "माझ्या वर्गात दहा आकडे. बसमध्ये किती ते मला माहीत नाही, ते ड्रायव्हरला विचारा." खाली लिहिलं होतं, ड्रायव्हर उपस्थित नाही. दहा आकडे एकमतानं मंजूर.

क्लॉडेट एकटीच हसायला लागली. समोरच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं. ती त्याला म्हणाली, "सहा. सहा झाले की मागच्या बाकावरची पोरं गुणगुणायला लागतात. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"कधी?" त्यानं विचारलं.

"माझ्या जन्माआधी," ती म्हणाली आणि पेटी परत केली.

*

सुनावणी जानेवारीच्या अखेरीस होती. त्या राज्यात प्रत्येक विधेयकाची उघड सुनावणी होते आणि कोणीही येऊन बोलू शकतं. वाहतूक समितीचे अध्यक्ष होते हॉलिस व्हिटकॉम्ब, सत्तरीचे गोठेवाले, समितीतही रबरी बूट घालून यायचे. त्यांनी क्लॉडेटला आधीच सांगितलं होतं, "साधं काम आहे. तुम्ही तीन मिनिटं बोला, बसवाले हो म्हणतील, आम्ही जेवायला जाऊ."

क्लॉडेट तीन मिनिटं बोलली. एका बस कंपनीचा मालक उठून म्हणाला, वेळ वाचेल, डिझेल वाचेल. रस्ते खात्याचा माणूस म्हणाला, आमचं काही म्हणणं नाही. हॉलिसनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात मागून कोणीतरी हात वर केला.

तो आर्मंड होता. आर्मंड डुबे, वेस्ट ऑल्डनच्या स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या क्लबचा, हिवाळ्यात वाटा सपाट करणारा. लहानपणी क्लॉडेटच्याच बसनं शाळेत गेलेला. तिनं त्याला पाहून हात हलवला. त्यानंही हलवला, पण जरा ओशाळून.

"मी विधेयकाच्या विरोधात आहे," तो म्हणाला.

क्लॉडेटला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

आर्मंडनं टोपी हातात घट्ट धरली होती. "ती रेल्वेची वाट आता आमची आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ पडलं की आमच्या गाड्या तिच्यावरून जातात. रस्ता जिथे ओलांडतो तिथे वळण आहे आणि दोन्ही बाजूंना लोटून रचलेल्या बर्फाच्या माणसाहून उंच भिंती. आम्हाला तिथे थांबायची पाटी आहे."

"मग थांबता ना?" हॉलिसनी विचारलं.

"मी थांबतो," आर्मंड म्हणाला. "माझा भाचा थांबत नाही."

दोघं-तिघं हसले. हॉलिस हसले नाहीत. "तिथे कधी अपघात झाला आहे?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"मग तुमच्याकडे पुरावा काय?"

आर्मंड म्हणाला, "पुरावा म्हणजे, साहेब, बस थांबते. दार उघडं असतं. ड्रायव्हरला आमचा आवाज येतो. आम्ही निघून जातो आणि मग बस निघते. बस थांबली नाही तर काय होतं, ते अजून कोणी पाहिलेलंच नाही."

क्लॉडेटच्या डोळ्यांसमोर कितीतरी दुपारी येऊन उभ्या राहिल्या. ती आकडे मोजत सात-आठपर्यंत पोचायची आणि समोरून एखादी स्नोमोबाइल बर्फ उडवत जायची. पोरं खिडकीला नाकं लावायची. चालवणारा हात करायचा, तीही करायची. हे सगळं तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण ती गंमत म्हणून लक्षात राहिली होती. आपण त्या गाडीसाठीच थांबलो आहोत, असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ती उभी राहिली. "अध्यक्ष, मला हे विधेयक थोडे दिवस मागे ठेवायचं आहे."

"तुमचंच विधेयक?" हॉलिस म्हणाले.

"माझंच."

बाहेरच्या दालनात आर्मंड तिच्याजवळ आला. "रागावलीस? मला फोन करायला हवा होता. पण मला वाटलं, तू म्हणशील, आर्मंड, खाली बस."

"म्हटलं असतं," क्लॉडेट म्हणाली. "तू लहानपणीही उभाच असायचास. उद्या दुपारी फाटकावर ये. येताना भाच्यालाही आण."

*

पुढचा आठवडाभर, बस यायच्या वेळी, क्लॉडेट फाटकाशी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अंगात रेमंडचा शिकारीचा कोट, हातात कॉफीचा थर्मास. पहिल्या दिवशी रेमंड म्हणाला, "तीस वर्षं गाडीत बसून त्या जागी थांबलीस, आता पायी थांब." तिसऱ्या दिवशी तोही सोबत आला आणि गाडीत हीटर लावून बसला.

पाच दिवसांत अकरा स्नोमोबाइल गेल्या. आठ थांबल्या. दोन जरा हळू झाल्या. एक थांबलीच नाही, आणि तिच्यावर आर्मंडचा भाचा नव्हता, गावच्या बँकेतली एक शांत बाई होती. क्लॉडेटला त्याचंच जास्त नवल वाटलं.

मग तिनं आर्मंडला सांगितलं, वळणाच्या पलीकडून ये, आणि रेमंडला म्हणाली, "खिडकी उघड आणि आवाज आला की मला सांग." आवाज कानावर पडल्यापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ती मोजत होती. पहिल्यांदा सात झाले. दुसऱ्यांदाही सात. वारा उलटा असताना पाच.

हे सगळं वहीत लिहून ती रोझलिन्डकडे गेली. रोझलिन्डनी वही शेवटपर्यंत वाचली.

"तुम्हाला आता नक्की काय हवं आहे?" त्यांनी विचारलं.

"आधी मला थांबणं नको होतं. आता हवं आहे. पण आगगाडीसाठी नको. आणि उन्हाळ्यात नको, उन्हाळ्यात तिथे फक्त सायकली आणि म्हाताऱ्या बायका असतात. बर्फातच हवं. आणि जिथे जुन्या रेल्वेच्या वाटेवरून लोक स्नोमोबाइल चालवतात तिथे सगळीकडे हवं, मग ती जागा यादीत असो की नसो."

रोझलिन्ड लिहू लागल्या. "म्हणजे यादीच काढून टाकायची?"

"यादी कशाला? त्या लोकांनी त्यांच्या वेळेला पाहून केली. आपण आपल्या वेळेला पाहून करू."

समितीची पुढची सभा झाली तेव्हा हॉलिसनी नवा मसुदा दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "क्लॉडेट, तुम्ही थांबा बंद करायला आला होतात आणि आता वाढवून मागताय."

"हो."

"कारण?"

तिनं अकरा गाड्यांचं सांगितलं. बँकेतल्या बाईंचं नाव न घेता सांगितलं. मग अभिलेखागारातल्या मिस क्रोकरचंही सांगितलं. समितीतले लोक ऐकत होते. एकानं जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच ठेवला.

"मग आता खरा ड्रायव्हर इथे हजर आहे," हॉलिस म्हणाले. "किती आकडे ठेवायचे?"

"मुलं सहापर्यंत गप्प बसतात. स्नोमोबाइल यायला सात लागतात."

"मग सात लिहू?"

क्लॉडेट हो म्हणणार होती. पण समितीतल्या एक जुन्या सभासद, वकिलीतून निवृत्त झालेल्या बाई, हळूच म्हणाल्या, "सात लिहिलंत तर सेनेटमध्ये कोणीतरी विचारेल, सातच का? मग तुम्हाला तुमचे आर्मंड आणि त्यांची गाडी घेऊन तिकडे जावं लागेल. दहा का, हे आजवर कोणी विचारलेलं नाही."

"मी विचारलं," क्लॉडेट म्हणाली.

"तुमच्याशिवाय कोणी नाही."

दहाच राहिले. मतदान झालं. सोळा बाजूनं, दोन विरुद्ध. ते दोघं का विरुद्ध होते हे तिला कळलं नाही, म्हणून तिनं जाऊन विचारलं. एक म्हणाले, मी तत्त्व म्हणून दर वर्षी पाच गोष्टींना विरोध करतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मला वाटलं आपण अजून मागच्या विधेयकावर आहोत.

*

मार्चमध्ये विधेयक सभागृहात आलं. क्लॉडेटनं दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं, मिस क्रोकरचं वाक्य त्यात होतं. पण ज्या विधेयकांवर वाद नसतो ती सगळी एकत्र बांधून एका मतात मंजूर करायची रीत आहे. अध्यक्षांनी हातोडा आपटला, चारशेतले निम्मे कॉफी पीत होते, आणि तिच्या विधेयकासह बत्तीस विधेयकं एका दमात मंजूर झाली. शेजारच्या सभासदानं विचारलं, "तुमचं त्यात होतं का?" ती म्हणाली, "होतं. झालं वाटतं मंजूर." भाषणाचे कागद तिनं पर्समध्ये ठेवले.

सेनेटनं मे महिन्यात एक शब्द बदलला. "मार्च"च्या जागी "एप्रिल" आला, कारण उत्तरेकडच्या एका सेनेटरांच्या गावात बर्फ उशिरा वितळतं. जुलैत राज्यपालांची सही झाली. घरी एक पाकीट आलं. त्यात कायद्याची प्रत होती, दीड पान. क्लॉडेट ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत गेली. हे वाक्य रोझलिन्डचं. हा "एप्रिल" त्या सेनेटरांचा. "वापरात असलेली वाट" हे आर्मंडच्या बोलण्यातून आलेलं. दहा आकडे मिस क्रोकरचे. आपलं यात नेमकं काय, हे तिला सापडेना. रेमंडनं विचारलं, "कसा झालाय?" ती म्हणाली, "चांगला झालाय. कोणी केला ते मात्र सांगता येत नाही."

ऑगस्टच्या शेवटी, शाळा उघडण्याआधी, ड्रायव्हरांची एक दिवसाची उजळणी असते. क्लॉडेट डोनटची दोन खोकी घेऊन भेटायला गेली. मार्लीन दारातच उभी होती, हातात नव्या नियमांचा कागद.

"ये, ये, आमदारीणबाई," मार्लीन म्हणाली. "एक थांबा काढायला गेली होतीस ना? माझ्या रस्त्यावर आता तीन झाले आहेत. जुन्या कागद गिरणीकडे जाणारी ती फाटक्या कुंपणाची वाट आहे ना, तिथेसुद्धा थांबायचं. तिथे तर आजवर कधी थांबत नव्हतो."

"तिथे स्नोमोबाइल जातात?"

"जातात की. मला चांगलंच ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एकीनं माझा आरसा जवळजवळ उडवला होता."

"कोणाला सांगितलं होतंस?"

मार्लीननं डोनट तोंडात घालता घालता थांबून तिच्याकडे पाहिलं. "कोणाला सांगायचं? कोणी विचारलंच नव्हतं."

दुपारी दोघी मार्लीनच्या गाडीतून घरी निघाल्या. मार्लीन वाटेत कुरकुरत होती, तीन थांबे म्हणजे सकाळी चार मिनिटं लवकर उठावं लागेल, कुत्र्याला फिरवायचं कसं. वर छप्पर असलेल्या लाकडी पुलापाशी गाडी हळू झाली. पुलाच्या तोंडावर जुनी पाटी होती, घोडे चालवत न्या, दौडवू नका, दंड पाच डॉलर. क्लॉडेट मान वळवून पाटीकडे बघत राहिली.

"नको," मार्लीन म्हणाली. "क्लॉडेट, तिकडे बघू नकोस."

"पाचच का असतील?" क्लॉडेट म्हणाली.

मार्लीननं खिडकीची काच वर केली आणि गाडी पुलात घातली.